वीस तासांचे सोवळे

अमेरिकेतल्या कॉलेजांत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडून, खेळाच्या मोसमात, आठवड्याला २० तासांहून अधिक सराव करून घेऊ नये असा एक नियम आहे. नियम फार चांगला आहे. इतका चांगला, की तो करणाऱ्यांना ओवाळावे; आणि इतका निरुपयोगी, की ओवाळून झाल्यावर तेच तबक त्यांच्या डोक्यात घालावे. दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हे कडू प्रकरण कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीची पहाट आपण पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडूनच साजरी करतो. तेव्हा वाचकांनी हे एक कारीट समजावे, आणि मग खुशाल चकलीकडे वळावे.

२००९ सालच्या ऑगस्टमध्ये मी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या गावी भाच्याकडे राहायला गेलो होतो. भाचेसून नुकतीच बाळंत झाली होती, आणि नातवाला मांडीवर घेऊन टेलिव्हिजनसमोर बसणे एवढेच काम माझ्या वाट्याला आले होते. महिन्याच्या अखेरच्या दिवशी, सोमवारी, पडद्यावर एक पन्नाशीच्या आतला गृहस्थ दिसला. समोर ध्वनिक्षेपकांची रास, आवाज कापरा, डोळे भरून आलेले. मला वाटले, बिचाऱ्याच्या घरी काही बरेवाईट झाले. भाच्याला विचारले, तर तो म्हणाला, "नाही मामा, हा आमच्या युनिव्हर्सिटीचा फुटबॉल कोच. मुलांना ठरल्यापेक्षा जास्त तास राबवतो, असं कालच्या पेपरात आलंय."

सराव जास्त घेतला म्हणून रडणारा मनुष्य मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. सराव घेतच नाही म्हणून ज्यांना रडवावे असे पुष्कळ पाहिले होते.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे आधी सांगायला हवे. चेंडू लांबट, आणि बहुतेक वेळ हातात. अंगावर चिलखतासारखा पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण. आणि शंभर यार्डांच्या मैदानावर एकमेकांना धडका देऊन पाडणे हा खेळाचा गाभा. ॲन आर्बरची वस्ती २०१०च्या शिरगणतीत सुमारे १ लाख १४ हजार भरली. आणि तिथल्या विद्यापीठाच्या क्रीडांगणात लाखाहून अधिक माणसे बसतात. सामन्याच्या शनिवारी सगळे गाव निळ्यापिवळ्या कपड्यांत बाहेर पडते. पंढरीत आषाढीला जे होते त्याची आठवण झाली. फरक इतकाच, की वारकरी विठोबाला जाब विचारत नाहीत, आणि ही मंडळी सोमवारी सकाळी विचारतात.

ज्याला जाब विचारला जात होता त्याचे नाव रिच रॉड्रिग्ज. २००७च्या डिसेंबरात त्याला वेस्ट व्हर्जिनियाहून आणला तो मोठ्या अपेक्षेने, वर्षाला सुमारे २५ लाख डॉलर देऊन. पहिल्याच मोसमात, २००८ साली, १२ पैकी ९ सामने हरला. मिशिगनच्या संघाच्या इतिहासात एका मोसमात इतके पराभव कधी झाले नव्हते. वर्षअखेरीचे जे मानाचे सामने असतात, ज्यांना तिकडे 'बाउल' म्हणतात, तिथे हा संघ ३३ वर्षे ओळीने जात होता. ती परंपराही तुटली. दुसरा मोसम सुरू व्हायला आठवडा उरला असताना डेट्रॉइटच्या 'फ्री प्रेस' या वृत्तपत्राने आजी-माजी खेळाडूंच्या तोंडून प्रसिद्ध केले, की इथे नियम सर्रास मोडले जातात. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुलांचे नऊ-नऊ तास जातात.

आता नियम काय आहे तो पाहू. मोसमात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. मोसम नसेल तेव्हा आठवड्याला ८ तास. देशभरच्या कॉलेजांची जी क्रीडासंघटना आहे, तिने १९९१ साली हा नियम केला. ऐकायला हे एखाद्या प्रेमळ आजीने घालून दिलेल्या शिस्तीसारखे वाटते. परंतु खरी गंमत 'तास' या शब्दात नाही, 'मोजणे' या शब्दात आहे. कारण तिकडे सरावाच्या दोन जाती आहेत: मोजायचा सराव आणि न मोजायचा सराव.

सामन्याचा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत कितीही लांबला, तरी ३ तासच धरायचा. सामन्यासाठी परगावी जायचे, तो प्रवास मोजायचा नाही. दुखावलेल्या गुडघ्यावर उपचार घेत बसायचे, ते मोजायचे नाही. संघाबरोबर सक्तीने जेवायचे, ते नाही. आणि 'ऐच्छिक' व्यायाम, तो तर मुळीच नाही. ऐच्छिक या शब्दाची व्याख्या मात्र मोठी सोज्वळ आहे: प्रशिक्षकाने बोलवायचे नाही, हजेरी घ्यायची नाही, कोण आला कोण नाही याची खबर त्याच्यापर्यंत जायची नाही, न येणाऱ्याला शिक्षा नाही. मुलांकडून वजने उचलून घेणारा व्यायामशिक्षक तिथे उभा राहू शकतो. तो केवळ मुलांच्या सुरक्षिततेसाठी. हा व्यायामशिक्षक संध्याकाळी मुख्य प्रशिक्षकाबरोबर कॉफी घेताना हवापाण्याविषयीच बोलतो, असे नियमाने गृहीत धरले आहे.

आमच्या लहानपणी घरात सोवळ्याचा कडक कारभार होता. सोवळ्यात असलेल्या आजीला शिवायचे नाही. पण रेशमी किंवा लोकरीचे नेसून शिवले तर चालते. त्यामुळे आम्ही पोरे अंगावर धाबळी गुंडाळून स्वयंपाकघरातून लाडू पळवत असू. विटाळ झाला नाही याचे समाधान आजीला, आणि लाडू आमच्या पोटात. वीस तासांचा नियम हे तसले सोवळे आहे. 'ऐच्छिक' ही त्यातली धाबळी.

आणि लाडू किती गेले, याचा हिशेब कोणापासून लपलेला होता अशातला भाग नाही. त्या संघटनेनेच २००६ साली खेळाडूंची पाहणी केली. तीत वरच्या श्रेणीतल्या फुटबॉलपटूंनी आपला आठवड्याचा वेळ सांगितला तो सरासरी ४५ तासांच्या आसपास. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी कामगार संघ स्थापण्याची परवानगी मागितली, तेव्हा मजूर मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने चौकशीअंती नमूद केले, की मोसमात ही मुले आठवड्याला ४० ते ५० तास आणि ऑगस्टच्या शिबिरात ५० ते ६० तास फुटबॉलला देतात. नॉर्थवेस्टर्न हे काही गुंडांचे कॉलेज नव्हे. अभ्यासाबद्दल नावाजलेले विद्यापीठ. तिथेही नियमाचा दुप्पट वेळ, आणि तो बहुतांशी नियमात बसवून! पुढच्याच वर्षी वरिष्ठ मंडळाने आपण या प्रकरणात पडत नाही असे सांगून खेळाडूंचा अर्ज निकालात काढला.

असे असता एकट्या मिशिगनच्या घड्याळाकडेच बोट का गेले? माझे उत्तर कित्येकांना रुचणार नाही. संघ हरला म्हणून.

भाच्याशी माझा वाद झाला तो यावरूनच. तो म्हणाला, "मामा, सगळेच करतात. याचं नशीब फुटकं, म्हणून सापडला." ॲन आर्बरमधली अर्धी माणसे असेच म्हणत होती आणि बातमी देणाऱ्या वार्ताहरांना शिव्या देत होती. उरलेली अर्धी म्हणत होती, नियम म्हणजे नियम, याला हाकला. मला दोघांचाही राग आला. वार्ताहरांनी आपले काम केले. मुलांनी धीर करून तोंड उघडले. त्यात चुकले कोणाचे? आणि 'हाकला' म्हणणाऱ्यांना नियमाची एवढी चाड होती, तर मागचा मोसम जिंकला असता तर ती कुठे गेली असती? याचा पुरावा त्या शरदातच पाहायला मिळाला. मोसमातले पहिले चार सामने मिशिगनने जिंकले. नोटर डेमला ३८-३४ असे नमवले, त्या रात्री गावात मोटारींचे भोंगे थांबेनात. त्या चार आठवड्यांत भाच्याच्या दिवाणखान्यात जमणाऱ्या मित्रांपैकी एकाच्याही तोंडून 'तास' हा शब्द मी ऐकला नाही. पुढच्या आठांपैकी सात हरले. आणि तास परत आले.

हे मी कोणत्या तोंडाने बोलतो, तेही सांगून टाकतो. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात तीस वर्षे शिकवले, आणि त्यातली काही वर्षे जिमखान्याचा कारभार माझ्याकडे होता. आमचा कबड्डीचा संघ विद्यापीठाच्या अंतिम फेरीकडे निघाला होता. त्यातला एक मुलगा, चढाईला विजेसारखा, तीन महिने वर्गात फिरकला नव्हता, कारण मी त्याला मैदानावर ठेवला होता. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागे. मी ती भरली. निळ्या शाईने, शांतपणे, एका दुपारी. ढाल आम्ही आणली. प्राचार्यांच्या खोलीत त्या संघाचे छायाचित्र लागले. त्यात मी मधल्या खुर्चीवर आहे आणि तो मागच्या रांगेत उभा आहे. परीक्षेला तो बसला, नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला, आणि मग आलाच नाही. बऱ्याच वर्षांनी एस.टी. स्टँडवर भेटला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, त्या वर्षी तुम्ही हजेरी भरलीत म्हणून परीक्षेला तरी बसता आलं. फार उपकार झाले." त्याने शिवी दिली असती तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

तेव्हा असले तक्ते कसे भरले जातात, हे मला कोणी शिकवायला नको. मिशिगन प्रकरणात पुढे उघड झाले, की सरावाचे तास लिहून द्यायचे ते तक्ते २००८च्या मोसमात वेळेवर भरलेच गेले नव्हते, आणि विद्यापीठाच्याच तपासनिसांनी त्यावर आधीच बोट ठेवले होते. अंग मोकळे करण्याचा वेळ धरायचा की नाही याबद्दलही म्हणे गैरसमज होता. हजेरीपटाचा कारकून ज्याच्या घरचा, त्याचे गैरसमज नेहमी त्याच्याच सोयीचे असतात.

निकाल लागला तो २०१०च्या नोव्हेंबरात. प्रशिक्षकावरचा सर्वांत जड आरोप हलका करून, त्याने पुरेसे लक्ष ठेवले नाही, एवढाच ठेवला. विद्यापीठाला तीन वर्षे नजरेखाली राहण्याची शिक्षा. आणि विद्यापीठाने आपण होऊन घेतलेले प्रायश्चित्त असे, की जितके तास जादा झाले त्याच्या दुप्पट, म्हणजे १३० तास, पुढच्या सरावातून कापायचे. हिशेब किती चोख! ज्या मुलांचे रविवार २००८ साली गेले, त्यांतली कित्येक तोवर कॉलेज सोडूनही गेली होती. एकाचे घेतले आणि दुसऱ्याला परत केले. सावकाराच्या वहीत हे चालत नाही, विद्यापीठाच्या चालले.

प्रशिक्षकाला काढले, पण त्या वेळी नव्हे. २०११च्या १ जानेवारीला मिशिगन बाउलच्या सामन्यात ५२-१४ असा चिरडला गेला, आणि ५ तारखेला रॉड्रिग्जला निरोप मिळाला. तीन मोसमांत १५ विजय, २२ पराभव. तक्ते निमित्ताला होते. काढला तो आकड्यांनी. यात मला त्या गृहस्थाची कीव येते, आणि मी ती लपवत नाही. त्याला दिलेली मुदत तीन वर्षांची. मुलाला शिकायला चार वर्षांची. त्याच्या हातात भांडवल काय? मैदान विद्यापीठाचे, पैसा देणगीदारांचा, आरडाओरडा गावाचा. त्याच्या ताब्यात एकच वस्तू होती, मुलांचा वेळ. ज्याला दर शनिवारी फाशीच्या तख्तावर उभे करायचे, त्याच्याच हाती घड्याळ द्यायचे, आणि काटा प्रामाणिकपणे बघ असे सांगायचे, ही चेष्टा आहे. अर्थात ही कीवही बेताचीच हवी. हे लोक रस्त्यावर येत नाहीत. २०२३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला घरी बसवले, तेव्हा करारापोटी त्याचे देणे साडेसात कोटी डॉलरांच्या वर निघाले. रॉड्रिग्जही पुढे ॲरिझोनाला गेला, आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा वेस्ट व्हर्जिनियाला, जिथून निघाला तिथेच, नेमला गेला. हरलेल्या प्रशिक्षकाला दुसरे गाव असते. मुलाला दुसरी विशी नसते.

मुलगा नाही का म्हणत नाही? असे सुखवस्तू माणसे विचारतात. त्याचे कारण १९७३ सालच्या एका ठरावात आहे. त्या साली शिष्यवृत्ती चार वर्षांऐवजी एकेका वर्षाची झाली. दर उन्हाळ्यात ती पुढे चालू ठेवायची की नाही, याचा कौल प्रशिक्षकाच्या मर्जीवर. रॉड्रिग्जच्या मुलांच्या वेळी हीच पद्धत होती. ज्याच्या मर्जीवर फी आणि जेवण, त्याच्या ऐच्छिक व्यायामाला न जाण्याची इच्छा कोणाला होईल? २०१५पासून मोठ्या संघांच्या गटाने, खेळ मनासारखा झाला नाही म्हणून शिष्यवृत्ती काढून घ्यायची नाही, असे ठरवले, बरे केले. पण संघात घेणे, सामन्यात उतरवणे, बाकावर बसवून ठेवणे ही सत्ता जिथल्या तिथे आहे.

याच्याही मागे एक शब्द आहे, आणि तो मला सगळ्यांत अधिक झोंबतो: 'विद्यार्थी-खेळाडू'. कोलोरॅडो राज्यात १९५५ साली एक मुलगा कॉलेजच्या सामन्यात डोक्याला मार बसून मेला. त्याच्या विधवेने कामगारांना मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असे म्हणून. त्याच काळात क्रीडासंघटनेने हा जोडशब्द चलनात आणला, तो अशा मागण्यांपासून अंग काढण्यासाठी. हे मी म्हणत नाही. संघटनेचा कारभार १९५१पासून ३६ वर्षे पाहिलेला वॉल्टर बायर्स याने निवृत्तीनंतर, १९९५ सालच्या पुस्तकात, स्वतः कबूल केले. विद्यार्थी आधी लिहिला तो अभ्यास आधी म्हणून नव्हे, भरपाई टळावी म्हणून.

आता कोणी सांगेल, काळ बदलला. खरे आहे. २०२१पासून मुलांना आपल्या नावावर पैसे मिळवता येतात, आणि २०२५च्या जूनमधल्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. वर्षाला एकेका विद्यापीठाने २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मला आनंद आहे. परंतु त्या तडजोडीने वीस तासांच्या सोवळ्याला हात लावला नाही. आणि पैसे देणारा मालक तास कमी मागतो, हा अनुभव निदान आमच्या गिरणगावाला तरी आलेला नाही.

शिवाय घड्याळाने सगळे मोजता येते हाच भ्रम. २०१८च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठात १९ वर्षांचा एक खेळाडू ११०-११० यार्डांच्या धावा काढताना उष्माघाताने कोसळला. वेळेवर थंड पाण्यात बुडवले नाही. जूनमध्ये तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली. पण प्रशिक्षकाला ३० ऑक्टोबरला परत कामावर घेतले, आणि ओरड झाल्यावर ३१ ला काढले. एका रात्रीत न्याय बदलला! त्या दुपारी किती मिनिटे झाली होती, हे तक्त्यावरून कळेलही. थांब म्हणण्याची सोय त्या मुलाला होती का, यासाठी तक्त्यात रकाना नाही.

माझे मागणे साधे आहे. वही मुलाच्या हातात द्या. खेळापायी गेलेला प्रत्येक तास, बसमधला, बर्फ लावून बसलेला, ऐच्छिक म्हणवणारा, त्याने स्वतः लिहावा. आणि ती वही तपासणारा माणूस क्रीडाखात्याच्या पगारावर नसावा. मग २०चे ४५ होतात असे दिसले, तर ४५ छापा. लोकांना कळू द्या, की शनिवारच्या त्या जल्लोषाची किंमत काय पडते. आणि वर्गात न बसलेल्या मुलाला, खेळ संपल्यावर, त्याच विद्यापीठाने त्याच खर्चाने पुन्हा वर्गात बसवावे. दोन वर्षे लागोत की चार. आमच्या कॉलेजने त्या कबड्डीच्या मुलासाठी हे करायला हवे होते. मी मागायला हवे होते. मी छायाचित्र काढून घेण्यात गुंतलो होतो.

२००९ साली माझ्या मांडीवर झोपलेला तो नातू आता हायस्कूलच्या संघात खेळतो. यंदा जूनमध्ये एकदा माझ्या दुपारच्या चहाच्या वेळी त्याचा फोन आला. तिकडे पहाटेचे साडेपाच.

"इतक्या लवकर उठलास? शाळेला तर सुट्टी आहे ना?"

"शाळा नाही आजोबा, वर्कआउट आहे. व्हॉलंटरी."

"मग झोप की आज."

तो हसला. "कोच बघतो ना कोण येतं ते."

"लिहून ठेवतो?"

"लिहीत नाही. लक्षात ठेवतो."

बाहेर भाच्याने गाडीचा भोंगा वाजवला, आणि त्याने फोन ठेवला.